घोंगडीखालचे पाच आठवडे

ज्यांना डॉक्टरांनी नुकतंच निदान सांगितलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. औषधं कुठली, किती दिवस, ते डॉक्टर सांगतील. त्यातलं मला कळत नाही. मला क्षय झाला होता आणि मी बरा झालो, एवढंच सांगायचं असतं तर चार ओळींत झालं असतं. पण निदान कळल्यावर मी जे केलं ते मला सांगायचं आहे, आणि ते चार ओळींत बसत नाही.

वय पंचेचाळीस. परतूरच्या एका जिनिंगमध्ये काट्यावर कापूस तोलून घेणं हे माझं काम. बोलायची सवय कमी. घरातही मी हं-हं करून वेळ काढणारा माणूस. तेव्हा लिहिण्यात मागंपुढं झालं तर सांभाळून घ्यावं.

आम्ही तिघं

हैदराबादच्या पोलीस ॲक्शनला तेव्हा पाच-सहा वर्षं झाली असतील. जिल्ह्याच्या गावी हिवाळ्यात लांब पल्ल्याची शर्यत ठरली. बारा मैल. सहा मैल जायचं आणि त्याच रस्त्यानं परत यायचं. एका गावचे तिघं मिळून एक संघ. एक जरी कमी पडला तरी संघ बाद.

आमच्या शाळेत कोरडे मास्तर ड्रिल शिकवायचे. त्यांनी स्वतःचं नाव घातलं, धुळाचं घातलं, आणि तिसरं कुणी मिळेना म्हणून माझं. मी रोज पहाटे दुधना नदीच्या पुलापर्यंत चालायला जायचो, एवढीच माझी लायकी. अडतिसाव्या वर्षी अर्धी चड्डी घालून मी रस्त्यानं निघालो तेव्हा जिनिंगमधले हमाल म्हणाले, "मुनीमजी, काटा कुणी पळवला का? मागं लागून राह्यले?"

धुळा धनगर. तीसच्या आतला. मेंढरांमागं दिवसाला पंधरा-वीस मैल सहज व्हायचे त्याचे, त्यामुळं पळणं त्याला काम वाटायचंच नाही. शर्यत कशाला म्हणतात ते मास्तरांनी त्याला समजावलं, तेव्हा तो म्हणाला, "म्हंजी मागं कुत्रं न्हाई, पुढं मेंढरू न्हाई, अन् तरी पळायचं? बरं पळू."

मास्तरांचे दोन नियम होते. पहिला असा की पळताना तोंडात पाण्याचा घोट धरायचा, म्हणजे नाकानंच श्वास घ्यावा लागतो. पुलाकडून परत येऊन जिनिंगच्या फाटकापाशी तो घोट त्यांच्यापुढं थुंकून दाखवायचा. गिळला असेल तर आणखी एक मैल.

दुसरा घामाचा. पळून आल्यावर अंगाला वारं लागू द्यायचं नाही. सरकीच्या गोदामाला लागून एक लहान खोली होती. तिचं दार लावून घ्यायचं, आणि धुळाच्या एका घोंगडीखाली तिघांनी डोक्यावरून पांघरून बसायचं, घाम जिरेपर्यंत. अर्धा तास तरी. घोंगडीला मेंढरांचा वास, आत आम्हा तिघांची वाफ. धुळा आत बसून गोष्टी सांगायचा. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा अर्धा तास होता, हे मी आज लाजून पण खरं सांगतो. आम्ही तिघं खांद्याला खांदा लावून बसायचो. मी मधे.

खोकला मला पावसाळा संपल्यापासूनच होता. जिनिंगमध्ये कापसाची कुसं उडतात, तिथं खोकला सगळ्यांनाच. कुणी लक्ष दिलं नाही, मीही नाही.

मग एका पहाटे फाटकापाशी मी घोट टाकला आणि पांढऱ्या मातीवर तो गुलाबी पडला. मास्तर घड्याळ बघत होते. मी पायानं माती सारली.

खिडकीपुढचा फोटो

दोन दिवसांनी कामाचं निमित्त काढून मी जालन्याला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढवला, तो खिडकीपुढं धरला आणि बोटानं दाखवलं. उजवीकडं वरच्या बाजूला धुकं धरल्यासारखं होतं.

"क्षय आहे," ते म्हणाले. "आता औषधं आहेत. घाबरू नका. पण पळणं आजपासून बिलकुल बंद. बंद खोलीत कुणाजवळ बसायचं नाही. घरात ताट-वाटी वेगळी. आणि ज्यांच्यासोबत रोज उठबस आहे त्यांना सांगा, त्यांचे फोटो काढून घेऊ."

मी विचारलं, "पाच आठवड्यांनी शर्यत आहे. तेवढी झाल्यावर औषध सुरू केलं तर?"

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. "कुठली शर्यत?"

मी पुढच्या आठवड्यात येतो म्हणालो आणि गेलो नाही.

परतीच्या गाडीत मी का गप्प राहायचं ठरवलं, याची कारणं मी लोकांना नंतर बरीच सांगितली. नोकरी जाईल. मुलीचं लग्न जमायचं आहे, क्षयवाल्याच्या घरची मुलगी कोण करतो. ही कारणं खरी आहेत, पण ती मी नंतर शोधली. गाडीत माझ्या डोक्यात एकच होतं की माझ्यावाचून संघ बाद होईल. काट्यावर उभं राहून आयुष्य गेलेल्या माणसाला पहिल्यांदाच कुणीतरी 'तुमच्यावाचून अडेल' म्हटलं होतं. ते मला सोडवत नव्हतं.

पाच आठवडे

आता जे लिहितो ते लिहायला मला इतकी वर्षं लागली.

घरी मी माझं ताट वेगळं केलं. पळणाऱ्याचं पथ्य असतं म्हणून बायकोला सांगितलं. अंथरूण ओसरीवर टाकलं. मोकळी हवा लागते म्हणालो. मुलगी जवळ आली तर "घाम आहे अंगाला" म्हणून तिला लांब ठेवलं. म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेलं मला बराबर समजलं होतं आणि मी ते पाळत होतो. घरात.

आणि रोज पहाटे मी त्या खोलीत जाऊन, दार लावून, घोंगडीखाली दोघांच्या मधे बसत होतो.

एकदाच मागं राहिलो. "आज नको, मला उकडतंय," म्हणालो. धुळानं हात धरून आत ओढलं. "या की मुनीमजी. वारं लागंल अन् छाती धरंल तुमची. मंग मास्तर मला बोलतील." मी आत गेलो. खोकला आला की त्याच्याकडं तोंड करायचो, कारण मास्तर शिकलेले, त्यांना शंका आली असती.

हे वाक्य मी तीनदा खोडलं. पण ते तसंच आहे. म्हणून राहू देतो.

पाचवा मैल

शर्यतीच्या दिवशी थंडी होती. पहिले तीन मैल मला स्वतःचं कौतुक वाटलं. चौथ्याला छातीत सुया. पाचव्या मैलाच्या दगडाशी मी खोकलो आणि तोंड भरून रक्त आलं, मग आणखी आलं. रस्त्याच्या कडेला बसलो. मागून येणारे बघत बघत पुढं गेले. त्यांचा दोष नाही, शर्यत होती.

समोरून परतीला वळलेला पहिला माणूस आला. तो धुळा होता. त्याच्या मागं दृष्टी पोचेपर्यंत कुणी नव्हतं.

तो थांबला. डोक्याचं मुंडासं सोडून त्यानं माझं तोंड पुसलं, छाती पुसली, हात पुसले. मी म्हणालो, "तू पळ." तो म्हणाला, "गप बसा. बोलू नका बिलकुल." आणि मेंढरू खांद्यावर घेतात तसं मला घेऊन तो गावाकडं, एक बैलगाडी मिळेपर्यंत चालत गेला. मास्तर पोचले, पण एकटे. संघ बाद झालाच.

खाटेवरचे महिने

सरकारी दवाखान्यात मागच्या बाजूला आमचा वॉर्ड होता. आठ महिने राहिलो. सकाळी थर्मामीटर, मग ढुंगणावर इंजेक्शन, मग ती कडू भुकटी, जी घशाखाली उतरवताना आतडी वर यायची. दर मंगळवारी बरगड्यांतून सुई घालून छातीत हवा भरायचे, म्हणजे आजारी फुफ्फुस मिटून पडतं आणि त्याला विश्रांती मिळते. सोमवारी संध्याकाळपासून वॉर्डात कुणी कुणाशी धड बोलायचं नाही.

शेजारच्या खाटेवर रहीमचाचा होते, जालन्याचे जुने शिंपी. मी पळताना पडलो हे कळल्यावर ते रोज म्हणायचे, "मुनीमजी, अब लेटने की प्रॅक्टिस करो. इसमें पहिला नंबर आता तुम्हारा." भुकटी प्यायल्यावर तोंडात धरायला ते एक लवंग द्यायचे. कुणाकडून मागवायचे कोण जाणे. नव्यानं दाखल होणाऱ्यांना सांगतो, लवंगेचा खरंच उपयोग होतो. आणि शेजाऱ्याशी भांडू नका. खोकल्याची उबळ येते तेव्हा नर्सच्या आधी तोच उठतो.

बायको दर रविवारी यायची. दारातच बसायची, पदर तोंडावर धरून. भेटायला आलेल्यांनी विचारलं, "एवढ्या निर्व्यसनी माणसाला हे कसं हो झालं?" तेव्हा ती म्हणाली, "त्या धनगराच्या घोंगडीतून आलं. रोज तिच्यातच बसत होते. आता काय काय असतं त्या लोकांच्या पांघरुणात."

सगळ्यांनी माना हलवल्या. मी छताकडं बघत होतो.

महिन्याभरात ते गावभर झालं.

मी त्याला माफ केलं

तिसऱ्या महिन्यात धुळा भेटायला आला. वॉर्डाच्या दाराशी उभा राहिला, आत येईना. मी बोलावलं तेव्हा खाटेच्या पायथ्याशी आला, खाली वाकला आणि माझे पाय धरले.

"मुनीमजी, चुकी झाली. मला ठावं नव्हतं. समदे म्हणून राह्यले, माझ्या घोंगडीतून लागलं तुमाला. मी तवा तुमाला वढून आत घेतलं. मीच घेतलं. ती घोंगडी जाळून टाकली मी."

तोंड उघडायला यापेक्षा चांगली वेळ मला कधी मिळणार होती? वॉर्डात दुपारची सामसूम होती. तो माझे पाय धरून होता. मी म्हणालो, "जाऊ दे धुळा. नशिबाचे भोग. माझ्या मनात काही नाही."

तो डोळे पुसत गेला. त्याला हलकं वाटलं असावं. मलाही वाटलं. ते जास्त वाईट.

रहीमचाचा भिंतीकडं तोंड करून पडले होते. थोड्या वेळानं तसेच म्हणाले, "वो माफी मांगा. और तुम दे दिये." मग म्हणाले, "पैले खून कब गिरा था, बोले थे तुम मेरे को. मैं हिसाब लगा लिया." त्या दिवसापासून त्यांनी मला पडून राहण्यावरून चिडवणं बंद केलं. लवंग मात्र देत राहिले.

मी घरी आलो आणि दोन महिन्यांत धुळा त्याच वॉर्डात दाखल झाला. मास्तरांचा फोटो स्वच्छ निघाला. मी धुळाला भेटायला एकदाही गेलो नाही. प्रकृती, म्हणालो. बायकोनंही जाऊ दिलं नसतं, असं म्हणून मी तो दोष तिच्यावर टाकला.

बाजारच्या दिवशी

धुळा वाचला, पण दम गेला. मेंढरं भावाकडं गेली. पूर्वी लोक त्याची मेंढरं खतासाठी शेतात बसवायला बोलवायचे, दोन दोन शेतकरी एका रात्रीसाठी भांडायचे. आता भावालाही कुणी बोलवेना. त्या घरात रोग आहे, असं झालं. धुळाचा सासरा अंबडच्या बाजूचा. तो येऊन आपल्या लेकीला, गयाबाईला, घेऊन गेला आणि परत पाठवलं नाही. हे मला तुकड्या-तुकड्यांनी कळत होतं. मी ऐकत होतो आणि कापूस तोलत होतो.

अशी चार वर्षं गेली.

मग एका बाजारच्या दिवशी हॉटेलापुढं मला धुळा दिसला. बाकावर जागा होती. तो मात्र रस्त्याच्या पलीकडं उकिडवा बसला होता, आणि कमरेच्या पिशवीतून स्वतःचा पितळी पेला काढून त्यानं हॉटेलवाल्यापुढं लांबून धरला. डॉक्टरांनी त्याला बरा म्हणून लिहून दिल्याला दोन वर्षं झाली होती.

मी जवळ गेलो. "धुळा, बाकावर बस की."

तो घाईनं मागं सरकला. "न्हाई न्हाई. तुमी लांब ऱ्हावा. एकाला लावलं, बास झालं."

मी तिथंच रस्त्यावर बसलो. मी म्हणालो, "तू नाही लावलं. माझं मला आधीच होतं. तुला माझ्यापासून लागलं."

"काय बोलून राह्यले मुनीमजी."

"जालन्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं मला. शर्यतीच्या पाच आठवडे आधी. कुणाजवळ बसू नको म्हणून सांगितलं होतं."

त्यानं पेला मातीत टेकवला.

"घोंगडीत बसायचो तवा ठावं होतं?"

"हो."

"रस्त्यावर मी तुमचं तोंड पुसलं तवा?"

"हो."

"अन् दवाखान्यात मी पाय धरले तवा?"

"तेव्हाही."

मला वाटलं तो मारील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं चहा मातीत ओतला, पेला पिशवीत घातला आणि उठला. "मंग चला. माझ्या सासऱ्याला सांगा हेच्यातलं समदं. आज मोटार हाय. जल्दी उठा."

वस्तीवर

मोटारीत तो पुढं बसला, मी मागं. उतरल्यावर तीन मैल चालायचं होतं. तो दर थोड्या वेळानं दम लागून थांबायचा, आणि तो थांबला की मी मागं तेवढ्याच अंतरावर थांबायचो. बारा मैल पळणारा माणूस तो.

सासरा म्हातारा, अंगणात लोकर पिंजत बसलेला. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. भिंतीआड बायका उभ्या होत्या, त्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं सांगितलं. एवढं मोठ्यानं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो.

म्हाताऱ्यानं विचारलं, "चार वरसं झाली. आज सांगून राह्यले?"

"हो."

"माझी लेक चार वरसं हितं बसून हाय."

"हो."

"हो, हो काय लावलं? दुसरं काई येतं का बोलता?"

"लाज वाटत होती," मी म्हणालो.

"तुमाला लाज वाटली, अन् भोगली आमी," तो म्हणाला आणि परत लोकर पिंजायला लागला.

तेव्हा गयाबाई बाहेर आली. मी तिला पूर्वी एकदाच पाहिलं होतं. धुळाकडं तिनं पाहिलं नाही, सरळ मला विचारलं, "तुमच्या घरी ठावं हाय का हे?"

"नाही."

"मंग आमालाच आधी काऊन सांगून राह्यले? आमचं नाव तर तुमच्या बाईनं गावभर केलं. तिला सांगा. तिच्या तोंडून लोकांच्या कानावर आलं तर मी येईन. न्हाईतर न्हाई."

घरी

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी बायकोला सांगितलं. ती ताटं उचलत होती. मधे काही विचारलं नाही. सगळं संपल्यावर म्हणाली, "म्हणजे ओसरीवर झोपत होता ते?"

"त्यासाठीच."

"ते पळणाऱ्याचं पथ्य, वेगळं ताट?"

"तुम्हाला दोघींना लागू नये म्हणून."

"आम्हाला लागू नये म्हणून," ती म्हणाली. मग हातातली ताटं खाली ठेवली. "आणि त्याला?"

आजारपणात इतक्या सुया टोचल्या, पण त्या प्रश्नासारखं काही लागलं नाही.

"मी त्या माणसाला काय काय बोलले हो. चार बायकांत बोलले. देवळात बोलले. आणि तुम्ही ऐकत होता."

ती माझ्याशी त्यानंतर दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ज्या ज्या घरी बोलली होती त्या त्या घरी गेली. मला बरोबर घेतलं नाही. देवळातही गेली. मग एकटी मोटारीनं अंबडच्या बाजूला, त्या वस्तीवर जाऊन आली. तिथं काय झालं ते तिनं मला सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. पुढच्या आठवड्यात गयाबाई धुळाकडं परत आली.

मुलीचं लग्न दोनदा मोडलं. लोकांना कळल्यावर ते व्हायचंच होतं. ती आता मास्तरीण होण्याचं शिकते आहे. माझ्याशी बोलते, पण पूर्वीसारखं नाही.

ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांना

या आजारातून माणूस उठतो. मी उठलो, धुळा उठला, रहीमचाचाही उठून आपल्या मशीनवर बसले. तेव्हा भ्यायचं तेवढं भ्या, पण डॉक्टरांच्या दारातून बाहेर पडल्यावर घरी जायच्या आधी त्या माणसाकडं जा, ज्याच्या शेजारी तुम्ही रोज बसता. घरच्यांना आपण कसंही करून जपतोच. ज्याला जपायचं आपल्या मनातही येत नाही, त्याला आधी सांगा. त्याच दिवशी सांगा. दुसऱ्या दिवशी ते जड होतं, आणि महिन्यानं तर तुम्हाला उचलतच नाही.

परवा कोरडे मास्तर भेटले. धुळाची माफी मागितली का, म्हणून विचारत होते. नाही मागितली. मागितली तर तो देईल. तो तसा माणूस आहे, आणि म्हणूनच मला मागवत नाही.